मोठे आतडे, जिवाणू आणि एक जुना आरोप

पोट साफ झाले नाही की डोके जड होते, तोंडाची चव जाते, अंग आळसावते. शौचाला झाले की लगेच हलके वाटते. हा साधा अनुभव. पण त्याचा अर्थ लावताना वैद्यकशास्त्र एकदा फार चुकले, आणि बद्धकोष्ठतेकडे आपण आज कसे पाहतो हे समजायचे तर त्या चुकीपासूनच सुरुवात करायला हवी.

1880च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल बुशार यांनी 'स्वविषबाधे'ची कल्पना मांडली. मल आत साचला की जिवाणू त्यात विष तयार करतात आणि ते रक्तात भिनते, असा तिचा गाभा. पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकॉफ यांनी ती आणखी पुढे नेली. मोठे आतडे म्हणजे सडणाऱ्या अन्नाचे कोठार, अकाली म्हातारपणही त्यातूनच येते, असे त्यांचे मत होते. आंबवलेल्या दुधातले जिवाणू त्यांनी यावर उपाय म्हणून सुचवले. 1908मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या वेगळ्याच कामासाठी, पण त्या मोठ्या नावाचे वजन या कल्पनेच्याही पारड्यात पडले.

लंडनचे शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन यांनी तर जुनाट बद्धकोष्ठतेच्या रुग्णांचे मोठे आतडे काढून टाकायला सुरुवात केली. हात कुशल होता, हेतूही वाईट नव्हता. पण ज्या विषासाठी आतडे कापले जात होते, ते विष कोणी दाखवून दिलेले नव्हते. या इतिहासातले हे सर्वांत दुःखद पान आहे, असे मला वाटते.

1919मध्ये अमेरिकेतले डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी एक सरळ प्रश्न विचारला. विष रक्तात भिनले असेल, तर शौचाला झाल्यावर काही मिनिटांत बरे कसे वाटते? विष इतक्या झटपट उतरत नाही. मग त्रास गुदाशयावर पडणाऱ्या ताणाचा, मज्जातंतूंमार्फत जाणवणारा असला पाहिजे. पुढे गुदाशयात कापूस भरून पाहिले, तेव्हा तशीच डोकेदुखी आणि अस्वस्थता जाणवली. कापूस कसले विष सोडणार! स्वविषबाधेची कल्पना मागे पडली, आणि तिच्याबरोबर जिवाणूंचा विषयही बराच काळ बाजूला राहिला.

मधल्या काळात आतड्याच्या हालचालीचा अभ्यास स्वतंत्रपणे पुढे गेला होता. 1899मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले, की आतड्यातल्या घासाच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो. बाहेरून येणारे मज्जातंतू तोडले तरी हे चालूच राहते. आतड्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे आहे. त्याच सुमारास अमेरिकेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन क्ष-किरणांखाली प्राण्यांच्या पोटातला घास सरकताना पाहत होते. विसाव्या शतकाच्या शेवटी आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: स्पॅनिश शास्त्रज्ञ कहाल यांनी पूर्वीच वर्णन केलेल्या पेशी आतड्याच्या हालचालीचा ताल धरतात. मल अतिशय संथ सरकतो अशा काही रुग्णांच्या मोठ्या आतड्यात या पेशी कमी आढळल्या. म्हणजे ज्यांना वर्षानुवर्षे 'पाणी जास्त प्या, आळस सोडा' असे ऐकवले गेले, त्यांच्यातल्या काहींचे आतडेच बिघडलेले होते. ही गोष्ट रुग्णाला सांगितलीच पाहिजे. त्याच्या मनावरचे केवढे तरी ओझे त्याने उतरते.

जिवाणू आणि आतड्याची हालचाल हे दोन धागे एकत्र आले ते निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमुळे. पोटात एकही जिवाणू नसलेल्या अशा उंदरांचे आतडे संथ चालते, हे 1967मध्येच नोंदले गेले होते. कारणाचा एक मोठा भाग 2015मध्ये उलगडला. सेरोटोनिन हे पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन. शरीरातले सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते आतड्याच्या हालचालीला चालना देते. बीजाणू तयार करणारे काही जिवाणू मोठ्या आतड्याच्या पेशींना हे सेरोटोनिन बनवायला लावतात. असे जिवाणू सोडल्यावर त्या उंदरांच्या आतड्याची हालचाल सुधारली. ज्यांच्या नावाने शंभर वर्षांपूर्वी खडे फोडले, तेच आतड्याला हलते ठेवत होते.

आतड्यातले सगळे सूक्ष्मजीव मात्र असे नाहीत. काही सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या वायूने आतड्याची गती मंदावली, आणि श्वासात मिथेन सापडणाऱ्यांमध्ये बद्धकोष्ठता अधिक दिसते.

इथे गुंता वाढतो. मल आत जितका रेंगाळतो तितके त्यातले पाणी शोषले जाते. तंतुमय पदार्थ संपले की जिवाणू प्रथिनांकडे वळतात आणि त्यांची वस्तीच बदलते. म्हणून रुग्णाच्या मलात वेगळे जिवाणू सापडले, तरी त्यांनी आतडे संथ केले की संथ आतड्याने त्यांना वाढू दिले, हे एका तपासणीवरून ठरत नाही. जिवाणूंच्या गोळ्या विकणारे हा प्रश्न सुटल्यासारखे बोलतात, ते मला पटत नाही. शिवाय काहींचे आतडे नीट चालते, पण शौचाच्या वेळी कुंथताना सैल पडायला हवेत ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उलट आवळतात. त्यांना ते स्नायू सैल सोडण्याचे प्रशिक्षण लागते. त्यांची अडचण जिवाणूंच्या गोळीने सुटणार नाही आणि आतड्याची गती वाढवणाऱ्या औषधानेही नाही.