सामूच्या आड दडलेले गंधक

जुलै २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने कोळशावर चालणाऱ्या बहुतेक वीजसंचांना एफजीडीच्या सक्तीतून मोकळे केले. एफजीडी म्हणजे चिमणीतून बाहेर पडण्याआधी धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा. देशातल्या सुमारे ६०० संचांपैकी साधारण ७८ टक्के संच या सवलतीत बसतात. निर्णयाभोवतीच्या चर्चेत एक जुने म्हणणे पुन्हा पुढे आले: आपला कोळसा कमी गंधकाचा, आपल्याकडे आम्लपाऊस पडत नाही, मग एवढा खर्च कशाला? यातला पहिला भाग ईशान्येकडचा कोळसा सोडला तर खरा आहे. दुसराही बव्हंशी खरा आहे. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकतो. तो कुठे चुकतो हे कळायला पावसाचा सामू, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी हे सांगणारा पीएचचा आकडा, कसा ठरतो इथपर्यंत मागे जावे लागते.

माती परीक्षणाचा कागद ज्यांनी हातात घेतला आहे त्यांना सामू नवा नाही. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. मात्र पावसाच्या बाबतीत ७ ही मधली रेघ चालत नाही. शुद्ध पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते आणि सामू ५.६ च्या आसपास येऊन थांबतो. म्हणून ५.६ च्या खालचा तो आम्लपाऊस, अशी व्याख्या रूढ झाली आणि शालेय पुस्तकांपासून सरकारी टिपणांपर्यंत सगळीकडे बसली. ही रेघ एका वायूच्या हिशेबावर ओढलेली आहे. खऱ्या हवेत समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींनी सोडलेले गंधकयुक्त वायू असतात, ज्वालामुखींचे असतात, विजेच्या कडकडाटात तयार झालेले नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, जंगलांतून येणारी फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्ले असतात. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवरच्या बेटांवर, जिथे कारखाना नाही की रस्ता नाही, तिथल्या पावसाचा सामूही ५ च्या आसपास मिळतो. तो प्रदूषित नाही. उलट सामू ६.५ असलेला पाऊस स्वच्छ असेलच असेही नाही.

खरा घोळ या दुसऱ्या वाक्यात आहे. सामू ही शिल्लक आहे, उलाढाल नाही. एका बाजूला सल्फेट आणि नायट्रेट आणणारी आम्ले, दुसऱ्या बाजूला त्यांना मारणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अमोनिया. वजाबाकी करून उरते ते सामूत दिसते. एखाद्याच्या पासबुकात शंभर रुपये शिल्लक दिसले तर त्याच्या खात्यातून वर्षभरात पाचशे फिरले की पाच लाख, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. पावसाचेही तसेच आहे. भरपूर गंधक आणि त्याहून थोडी जास्त धूळ असलेला पाऊस उदासीन निघतो. गंधक मात्र जमिनीवर, पानांवर, दगडांवर पडतच राहते, फक्त सल्फ्युरिक आम्लाऐवजी कॅल्शियम किंवा अमोनियम सल्फेटच्या रूपात.

आपल्याकडे ही धूळ मुबलक आहे. थरचे वाळवंट, गंगेच्या खोऱ्यातली गाळाची माती, दख्खनच्या काळ्या मातीतले चुनखडीचे खडे, उघडे रस्ते, बांधकामे. त्यात गोठ्यांतून आणि युरिया घातलेल्या शेतांतून उठणारा अमोनिया. म्हणून वळवाच्या पहिल्या सरी हवेतली धूळ घेऊन येतात आणि त्यांचा सामू चढा असतो. आषाढ-श्रावणात हवा धुऊन निघाली, जमीन ओली झाली, धूळ बसली की सामू खाली सरकतो. कोकणपट्टीत पावसातले सोडियम आणि क्लोराइड मुख्यतः समुद्रमिठाचे असते. समुद्राच्या पाण्यात सोडियमला सल्फेटचे प्रमाण ठरलेले असल्याने तेवढे सल्फेट वजा केले की उरलेले कुठून आले याचा माग लागतो. घाट ओलांडून आत आले की मीठ कमी आणि कॅल्शियम जास्त होते. पोटॅशियम वाढलेले दिसले तर चुली, काडीकचरा, जाळलेली शेते यांच्याकडे बोट जाते. पावसाच्या एका बाटलीत एवढे वाचता येते. त्यातला सामू तेवढा उचलून बाकीचे सगळे टाकून देणे हा त्या बाटलीवर अन्याय आहे.

शिवाय ती बाटली भरली कशी, हाही प्रश्न आहेच. जुन्या नोंदींपैकी अनेक नोंदी कायम उघड्या ठेवलेल्या नरसाळ्यांच्या आहेत. पाऊस नसतानाच्या दिवसांत त्यांत धूळ साठते आणि पाऊस आला की तीच धूळ पाण्यात उतरते. पाऊस सुरू झाल्यावरच झाकण उघडणारी उपकरणे नंतर आली. एकाच गावात, एकाच दिवशी या दोन तऱ्हांनी गोळा केलेल्या पाण्याचा सामू वेगळा येऊ शकतो, आणि धुळीच्या प्रदेशात उघड्या नरसाळ्याचा तो सहसा जास्तच येतो. त्यात महिनाभराचे पाणी एकत्र करून तपासायची पद्धत असेल तर जंतू तोवर सेंद्रिय आम्ले खाऊन टाकतात. म्हणून नमुन्यात जंतूंना रोखणारे थायमॉल घालण्याची काळजी घेतात. सरासरीचाही सापळा आहे. सामू घातांकी मोजमाप असल्याने ४ आणि ७ यांची सरासरी ५.५ नव्हे. हायड्रोजन आयनांचा हिशेब केला तर ती ४.३ येते. तेव्हा ‘भारतातल्या पावसाचा सरासरी सामू अमुक’ असे कुणी म्हटले की कुठल्या नरसाळ्याचा, किती दिवसांचा आणि कोणत्या सरासरीचा, हे आधी विचारायला हवे.

आम्लपाऊस या शब्दाचा इथे थोडक्यात उल्लेख पुरे. १९ व्या शतकात मँचेस्टर परिसरातल्या पावसाचे रसायन तपासताना एका स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने हा शब्द १८७२ च्या ग्रंथात वापरला. त्यानंतर जवळजवळ शतकभर त्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. १९५२ च्या लंडनच्या धुरक्यानंतर गावातला धूर कमी करण्यासाठी चिमण्या उंच झाल्या आणि ब्रिटन व मध्य युरोपातले गंधक वाऱ्यावरून स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांत जाऊन पडू लागले. तिथे खडक ग्रॅनाइटचे, आम्ल मारायला चुना नाही, मासे मेले. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९७९ चा जिनिव्हा करार, १९८५ चा गंधकाच्या ३० टक्के कपातीचा करार ही त्याची पुढची पावले. उंच चिमणीने प्रदूषण नाहीसे होत नाही, दुसऱ्याच्या अंगणात जाते, हे युरोपला तेव्हा कळून चुकले होते.

आपण मात्र उंच चिमणीचाच नियम केला. ऐंशीच्या दशकापासून ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या संचांना २७५ मीटरची चिमणी बंधनकारक होती, २०० ते ५०० मेगावॉटच्या संचांना २२० मीटरची. चिमणीतून किती सल्फर डायऑक्साइड बाहेर पडावा, याला डिसेंबर २०१५ पर्यंत देशभरासाठी मर्यादाच नव्हती.

तरी नुसत्या चिमणीवर न थांबलेले अपवाद होते, आणि त्यांतले दोन आपल्या किनाऱ्यावरचे. रिफायनऱ्या, खतकारखाना आणि वीजकेंद्र यांच्या दाटीत सापडलेल्या चेंबूर-तुर्भे भागात सत्तर-ऐंशीच्या दशकांत ५.६ च्या खालचा पाऊस नोंदला गेला होता. देशातल्या आम्लपावसाच्या पहिल्या ठळक नोंदींपैकी त्या आहेत. तिथल्या ५०० मेगावॉटच्या एका संचाला ऐंशीच्या दशकातच समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा बसली. समुद्राचे पाणी मुळात अल्कधर्मी, त्यामुळे वेगळा चुना लागत नाही. दुसरे उदाहरण डहाणूचे. चिकूच्या वाड्यांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला होता, तरीही १९९५ च्या सुमारास खाडीकाठी ५०० मेगावॉटचे वीजकेंद्र सुरू झाले. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये गंधक काढण्याची यंत्रणा बसवायला सांगितले. ती चालू व्हायला २००७ उजाडले. आठ वर्षे लागली, पण यंत्रणा बसली आणि चालली. ही गोष्ट आपल्याकडे जमण्यासारखी नाही असे म्हणणाऱ्यांनी डहाणू विसरू नये.

आग्र्याची कथा याच्या उलट शिकवते. मथुरेची रिफायनरी १९८२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून ताजमहालावर आम्लपाऊस पडेल अशी भीती होती. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० डिसेंबर १९९६ च्या निकालात २९२ कारखान्यांना नैसर्गिक वायूकडे वळा किंवा स्थलांतर करा असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात आग्र्याचा पाऊस मोजला तेव्हा तो धुळीमुळे अल्कधर्मी निघाला. मग निकाल चुकीच्या पायावर होता का? मला तसे वाटत नाही. संगमरवराला हानी व्हायला आम्लपाऊस पडावाच लागतो असे नाही. दवाने ओलसर झालेल्या दगडावर सल्फर डायऑक्साइड थेट बसतो आणि पृष्ठभागाचे जिप्सम करून टाकतो. पावसाच्या बाटलीत ही हानी कधीच मोजली जात नाही.

चीनने हा फरक धोरणातच मान्य केला. तिथल्या उत्तर भागात कोळसा भरपूर जळायचा, पण गोबीच्या धुळीमुळे पाऊस आम्ल नसायचा. दक्षिणेत धूळ कमी, म्हणून पाऊस आम्ल. १९९८ मध्ये त्यांनी दोन वेगळी नियंत्रणक्षेत्रे आखली, एक आम्लपावसाचे आणि दुसरे सल्फर डायऑक्साइडचे. पाऊस आम्ल नाही म्हणून उत्तरेला माफी मिळाली नाही. २००७ नंतरच्या दशकात त्या देशाचे सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. त्याच काळात आपले वाढत गेले आणि २०१६ च्या सुमारास उपग्रहांच्या मोजणीत भारत चीनच्या पुढे जाताना दिसला.

डिसेंबर २०१५ ची अधिसूचना या पार्श्वभूमीवर आली. जुन्या लहान संचांना घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, ५०० मेगावॉट आणि वरच्यांना २००, तर २०१७ पासून सुरू होणाऱ्यांना १०० अशी मर्यादा ठरली. मुदत दोन वर्षांची. २०१७ संपता संपता ती २०२२ पर्यंत ढकलली. २०२१ मध्ये संचांचे तीन गट पाडले: दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवरच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतले ते ‘अ’, अतिप्रदूषित क्षेत्रांच्या किंवा हवेचे मानक न गाठलेल्या शहरांच्या १० किलोमीटरमधले ते ‘ब’, उरलेले ‘क’. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा मुदतवाढ, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षे, आणि अखेर जुलै २०२५ मध्ये चिमणीच्या उंचीची अट पाळणाऱ्या ‘क’ गटाला सूट. चाळीस वर्षांचा प्रवास करून नियम पुन्हा चिमणीपाशी आला.

सवलतीची बाजू पोकळ नाही, ती नीट ऐकायला हवी. एका मेगावॉटमागे एक कोटीहून जास्त खर्च येतो, तो शेवटी वीजबिलात उतरतो. धूर धुवायला लागणारी चुनखडी खणावी लागते, वाहून न्यावी लागते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. शहरांतल्या हवेत सल्फर डायऑक्साइड २४ तासांच्या ८० मायक्रोग्रॅमच्या मानकाखालीच आहे, एफजीडी असलेल्या केंद्रांजवळ आणि नसलेल्यांजवळ फारसा फरक दिसत नाही, असेही मोजून सांगितले गेले. पण इथे वायू मोजला, गंधक नाही. चिमणीतून निघालेला सल्फर डायऑक्साइड एक-दोन दिवसांत सल्फेटच्या सूक्ष्म कणांत बदलतो, ते कण आठवडाभर हवेत राहून शेकडो किलोमीटर जातात आणि मग पावसात किंवा फुप्फुसात उतरतात. दहा किलोमीटरची वर्तुळे आखून त्यांचा हिशेब लागत नाही. २७५ मीटरची चिमणी तर जवळच्या मोजणीयंत्रावरून धूर पलीकडे नेण्यासाठीच बांधलेली असते.

दुसरी गोष्ट धुळीची, आणि माझ्या मते चर्चेत सर्वांत कमी आलेली. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांचे यश मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर, जोखले जाते आणि निधीचा मोठा हिस्सा रस्त्यावरची धूळ कमी करण्यात गेला आहे. धूळ कमी व्हायलाच हवी, माणसांच्या छातीत ती जाते. पण आम्ल मारणारे कॅल्शियम त्याच धुळीत आहे. युरोप-अमेरिकेत राखेची आणि धुळीची कपात झाल्यावर पावसातले कॅल्शियमही घटले आणि गंधक कमी होऊनही पावसाची आम्लता अपेक्षेएवढी उतरली नाही. आपण तर धूळ कमी करत आहोत आणि गंधक तसेच ठेवत आहोत.

पाऊस त्याची नोंद ठेवतो आहे. सत्तरच्या दशकापासून देशात अलाहाबाद, जोधपूर, कोडाईकनाल, मिनिकॉय, मोहनबारी, नागपूर, पोर्ट ब्लेअर, पुणे, श्रीनगर आणि विशाखापट्टणम अशी पावसाचे रसायन नोंदणारी दहा पार्श्वभूमी केंद्रे उभी राहिली. त्यांच्या १९८७ पासूनच्या नोंदींत बहुतेक ठिकाणी सामू उतरत चालला आहे. विशाखापट्टणम आणि मोहनबारी आम्लतेकडे झुकली आहेत, तर जोधपूर-श्रीनगरला वाळवंटाची धूळ अजून सावरून धरते आहे. कोकणात तेवढा आधार नाही. जांभ्याची माती आधीच आम्ल, चुना धुऊन गेलेला, आणि ऐन पावसाळ्यात हवेत धूळ नसते.

‘अ’ गटातल्या संचांना आता डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. ‘ब’ गटाचा निर्णय एकेका संचाचा वेगळा होणार आहे.