‘नंतर फ्री कर’ म्हणजे काय? वर्कक्यू आणि आरसीयू

‘फ्री डिफर केलंय सर, सेफ आहे.’ कोड रिव्ह्यूत हे वाक्य आलं की मी एकच विचारतो: डिफर कशासाठी केलं? बहुतेक वेळा समोर शांतता असते. मेमरी नंतर सोडण्याची कारणं दोन आहेत, एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही, आणि दोन्हींवर आपण ‘डिफर्ड’ हीच चिठ्ठी चिकटवतो.

पहिलं कारण तुम्हाला पाठ आहे. आत्ता जिथे उभे आहोत तिथून फ्री करता येत नाही. प्रीएम्प्ट-आरटी या लिनक्सच्या रिअल-टाइम रूपात (लिनक्स ६.१२ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, तो मुख्य कर्नलमध्येच आहे) मेमरी अ‍ॅलोकेटर आत झोपू शकणारी कुलपं घेतो, त्यामुळे रॉ स्पिनलॉक (जे धरून झोपताच येत नाही असं कुलूप) धरलेला असताना केफ्री, म्हणजे मेमरी सोडणारं कर्नलचं फंक्शन, बोलवायची सोय नाही. मग पॉइंटर (त्या मेमरीचा पत्ता) यादीत टाकायचा, वर्कक्यूला, म्हणजे कर्नलच्या ‘नंतर कर’ कामांच्या रांगेला, सांगायचं, आणि कमी प्रायॉरिटीचा थ्रेड सवडीने सोडतो. फ्रीआरटीओएस या छोट्या उपकरणांच्या रिअल-टाइम सिस्टिममध्ये स्वतःलाच डिलीट करणाऱ्या टास्कचा स्टॅक आयडल टास्क (दुसरं काही काम नसताना चालणारा) सोडतो तेही याचसाठी. ज्या स्टॅकवर उभं आहे तो टास्क स्वतः कसा सोडणार? आयडलला सीपीयू मिळालाच नाही तर मेमरी साचत जाते, तेवढं ध्यानात ठेवा. इथे प्रश्न फक्त ‘कोण सोडणार’ एवढाच आहे. पुढे जाऊ.

दुसरा प्रश्न ‘कधी सोडायची’ हा, आणि घोळ सगळा इथे होतो.

बडोद्याच्या माणसाला हे मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीवरून सांगितलं की पटकन कळतं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून ज्या व्यवस्थेची घडी बसवली, तीच ही लायब्ररी. समजा एक जीर्ण पुस्तक बाद करायचंय. आधी कॅटलॉगमधून त्याचं कार्ड काढायचं, म्हणजे नव्याने येणाऱ्याला ते सापडणार नाही. पण कार्ड काढलं त्या क्षणी वाचनालयात बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी हातात ते असू शकतं. कुणाच्या, हे टेबलाटेबलावर जाऊन विचारायचं नाही. त्या क्षणी आत असलेले सगळे एकदा बाहेर पडले की पुस्तक रद्दीत घालायचं. त्यानंतर आत आलेल्यांची वाट पाहायचं कारण नाही, त्यांना कार्डच दिसलेलं नाही.

आरसीयू, म्हणजे रीड-कॉपी-अपडेट हे कर्नलमधलं तंत्र, नेमकं हेच करतं. कार्ड काढणं म्हणजे नवा पॉइंटर प्रसिद्ध करणं, वाट पाहण्याचा तो काळ म्हणजे ग्रेस पीरियड, आणि रद्दी म्हणजे केफ्री. लिनक्समध्ये हे २००२ पासून आहे.

आणि वर्कक्यू? वर्कक्यू म्हणजे काउंटर सोडून जाता येत नाही म्हणून पुस्तकं गोदामात न्यायला सांगितलेला शिपाई. तो आपल्या वेळेला येतो आणि दिलेलं उचलून नेतो. कोण वाचतंय हे त्याने पाहायचं ठरलेलंच नाही. वाचणाऱ्याच्या हातातलं पुस्तक ओढून नेलं तर चूक शिपायाची नाही.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही पंपाचा ड्रायव्हर लिहिला होता. दाबाच्या मर्यादांचं एक टेबल, आणि ते दर मिलिसेकंदाला वाचणारा सर्वांत वरच्या प्रायॉरिटीचा कर्नल थ्रेड. ऑपरेटरने पॅनलवरून मर्यादा बदलली की नवं टेबल जोडायचं आणि जुनं वर्कक्यूत टाकायचं. वर्षभर काही झालं नाही. मग बोर्ड बदलला, एका कोअरचे दोन झाले, आणि मर्यादा बदलताना पंप मधूनच बंद पडायला लागला. डीबग चालू करून लॉग काढला तर दाबाच्या रकान्यात ६बी ६बी ६बी ६बी. सोडलेल्या मेमरीत कर्नल डीबगमध्ये हाच शिक्का मारतो.

जुन्या बोर्डावर वर्षभर का चाललं, हे समजून घ्या. एकच कोअर, आणि त्या थ्रेडचा लूप टेबल वाचताना मध्ये कुठे झोपत नव्हता. तो टेबल वाचत असेपर्यंत वर्कक्यूच्या थ्रेडला सीपीयू मिळणंच शक्य नव्हतं. ग्रेस पीरियडचं काम प्रायॉरिटी न सांगता करत होती. दुसरा कोअर आला आणि तो आधार गेला. एका कोअरवरही लूपमध्ये कुणी म्युटेक्स (वाट पाहत झोपवू शकणारं कुलूप) घेतला असता तर हेच झालं असतं.

याहून वाईट म्हणजे केफ्रीच्या आधी शंभर मिलिसेकंदांची झोप घालणारे. हे मी कधीही मंजूर करत नाही. वाचणारा प्रीएम्प्ट होऊन (दुसऱ्या कामासाठी मध्येच थांबवला जाऊन) किती वेळ अडकेल हे त्या शंभराला माहीत नसतं. बग तसाच राहतो, फक्त महिन्यातून एकदा दिसतो.

उलटी चूकही होते. कॉल_आरसीयू (ग्रेस पीरियड संपल्यावर आपण दिलेलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, चालवणारा) लावला म्हणजे आता हवं ते करू, असं समजतात. त्याच्या कॉलबॅकमध्येही झोपता येत नाही, म्हणजे म्युटेक्स नाही. नुसतं केफ्री करायचं असेल तर केफ्री_आरसीयू पुरतं. दोन्ही हवं असेल, आधी वाचणारे निघून जाऊ देत आणि मग झोपू शकणाऱ्या जागी सोड, तर क्यू_आरसीयू_वर्क त्यासाठीच आहे; हाताने जोडत बसू नका.

आणि आरसीयू फक्त खूण केलेल्यांनाच मोजतं. वाचणाऱ्या बाजूला रीड-लॉक, म्हणजे ‘मी वाचतोय’ ही खूण, नसेल तर केफ्री_आरसीयू लिहूनही उपयोग शून्य. आमच्या पहिल्या दुरुस्तीत हेच राहून गेलं होतं, आणि लॉगमध्ये पुन्हा ६बी दिसलं.

रिअल-टाइममध्ये याची किंमत आहे. कमी प्रायॉरिटीचा वाचणारा मध्येच प्रीएम्प्ट झाला की ग्रेस पीरियड लांबतो आणि जुनी टेबलं साचतात. त्यासाठी आरसीयू बूस्ट चालू ठेवा, म्हणजे अडकलेल्याची प्रायॉरिटी वाढते. कॉलबॅक कंट्रोल लूपच्या कोअरवर नकोत म्हणून मी आरसीयू_नोसीबीएस लावतो.

आमच्या कोडमध्ये आता ‘डिफर्ड’ असं नाव कुठल्याच फंक्शनला चालत नाही. दुसऱ्याच्या हाती सोपवायचं असेल तर हँडओव्हर, वाचणाऱ्यांची वाट पाहायची असेल तर रिटायर.