बेटावरचा खून आणि बंद खोलीतला खून, गल्लत नको

परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता मित्राशी वाद झाला. तो म्हणाला, अनोळखी माणसं बेटावर बोलावतात अन् एकेक मरत जातं, ती पण बंद खोलीचीच गोष्ट की. अशी गल्लत लई जण करतात, कारण बाहेरून कोण आलेलं नाही हे दोन्हीकडं असतंच. पण प्रश्न वेगळा असतो बघा.

आजीच्या शिवाजी पेठेतल्या कौलारू घरात सैपाकघराला रात्री बाहेरून कडी-कुलूप, खिडकी बंद, आणि सकाळी बघितलं तर पातेल्यावरची ताटली खाली आणि साय गायब. मांजराचं काम हे सगळ्यांना माहीत, पण आत शिरलं कसं? मामा शिडी लावून वर चढला तेव्हा भिंत आणि कौलांच्या मधे फट सापडली. बंद खोलीची गोष्ट म्हणजे हेच, 'कसं' हा खरा प्रश्न. एडगर ॲलन पोच्या 1841 च्या गोष्टीत पॅरिसमधली आतून बंद असलेली खोली आहे, आणि जॉन डिक्सन कारच्या 1935 च्या 'द हॉलो मॅन'मध्ये तर डिटेक्टिव्ह मधेच गोष्ट थांबवून बंद खोलीत खून करायचे प्रकार एकेक करून सांगतो, ते अख्खं प्रकरण मी तीनदा वाचलंय. असल्या बंद खोलीच्या गोष्टीत खून झालेल्या माणसाचं पूर्वायुष्य कळलं नाही तरी कोडं सुटू शकतं.

बेटावर तसं चालत नाही. अगाथा ख्रिस्तीच्या 1939 च्या 'अँड देन देअर वेअर नन'मध्ये डेव्हनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर दहा जण, यजमानाचा पत्ता नाही, आणि रात्रीच्या जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी एकेकाचं नाव घेऊन तुझ्यामुळं कोण मेलं ते सांगते. डॉक्टरनं दारू पिऊन ऑपरेशन केलेलं असतं. कोर्टात सिद्ध होणार नाहीत असले गुन्हे. खून कसा झाला यात फार गूढ नाही, विष, कुऱ्हाड, सगळं समोर आहे. दारं उघडीच आहेत, समुद्र तेवढा बंद. आता आपल्यातलाच कोण, आणि मी काय केलं होतं, हे दोन प्रश्न माणसाला खातात. 1965 च्या 'गुमनाम' या हिंदी पिक्चरमध्येही तेच, विमान प्रवाशांना अनोळखी जागी सोडून निघून जातं.

मला हे पटलं ते 2019 च्या पुरात. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पेट्रोल नाही, आणि आमच्या बिल्डिंगमधली चार घरं वरच्या मजल्यावर एकत्र. वर्षानुवर्षं नुसतं "काय, बरं आहे का" म्हणणारे खालचे काका तिसऱ्या रात्री मेणबत्तीसमोर बसून, भावाशी वीस वर्षं का बोलले नाहीत ते सांगायला लागले. कुणी विचारलं नव्हतं. बाहेर जाता येत नाही म्हटल्यावर माणूस आतलं काढतो, आणि ख्रिस्तीनं नेमकं तेच पकडलंय असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मित्राला म्हटलं, एक साधी गोष्ट बघ. बेटावर वेळेत होडी आली तर गोष्ट तिथंच मोडते, आणि बंद खोलीत दार फोडल्यावरच सुरू होते. त्यानं आधी ख्रिस्तीच्या या कादंबरीवरचा पिक्चर बघायचं ठरवलेलं, पण ख्रिस्तीनं स्वतःच 1943 च्या नाटकात शेवट बदललाय आणि बऱ्याच पिक्चरनी तो नाटकातलाच घेतलाय, म्हणून माझी कादंबरी त्याच्या हातात दिली. रविवारपर्यंत वाचतो म्हणालाय.