पॉझिटिव्ह प्रेशर की निगेटिव्ह प्रेशर: कॅबिनेटमध्ये धूळ शिरते कुठून?

गेमिंग पीसी जोडताना हे दोन शब्द कानावर येतातच. बहुतेक जण फॅन मोजून निकाल लावतात: आत हवा ओढणारे (इनटेक) तीन आणि बाहेर फेकणारे (एक्झॉस्ट) दोन, म्हणजे पॉझिटिव्ह; उलट असेल तर निगेटिव्ह. कागदावर हा हिशेब जमतो. चालू कॅबिनेटमध्ये तो बऱ्याचदा फसतो, आणि तीन इनटेक लावूनही आत धुळीचा थर कसा साचला, असा प्रश्न पडतो.

कॅबिनेटमध्ये हवा साठून राहत नाही. जितकी आत येते तितकी बाहेर जातेच. कुठल्या वाटेने, एवढाच फरक. इनटेक जोरात असतील तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो आणि जास्तीची हवा फटींमधून बाहेर पडते. हे पॉझिटिव्ह प्रेशर. एक्झॉस्ट जोरात असतील तर तूट भरून काढायला हवा दिसेल त्या फटीतून आत घुसते. हे निगेटिव्ह. फटी तर भरपूर असतात: मागच्या एक्सपान्शन स्लॉटच्या (जादा कार्डे बसवायच्या खाचांच्या) पट्ट्या, पोर्टांभोवतीची जागा, पॅनेलचे सांधे. यांपैकी कशालाच फिल्टर नसतो. पॉझिटिव्हमध्ये हवेला आत येण्याची वाट फिल्टरमधूनच असते, म्हणून धुळीसाठी तीच मांडणी बरी.

मात्र इनटेकवर फिल्टरच नसेल तर पॉझिटिव्ह प्रेशरचा धुळीसाठी काडीचा उपयोग नाही. उघड्या जाळीतून तीन फॅन धूळ आत ढकलत राहतात, एवढेच. फिल्टर असला तरी बारीक धूळ त्यातून जातेच. पॉझिटिव्ह मांडणीने सफाईच्या फेऱ्या कमी होतात, संपत नाहीत.

रुग्णालयांत हेच तत्त्व दोन्ही अंगांनी वापरतात. ऑपरेशन थिएटरमध्ये बाहेरची हवा शिरू नये म्हणून दाब जास्त ठेवतात, तर क्षयरोगाच्या विलगीकरण खोलीत आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून कमी.

आता फॅन मोजण्याचा हिशेब का फसतो, ते पाहू. पहिली गोष्ट, सगळे फॅन सारखे नसतात. १४० मिमी फॅनचे क्षेत्रफळ १२० मिमीपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त असते, आणि एकाच फॅनची हवा त्याच्या वेगाच्या साधारण प्रमाणात वाढते. दुसरी, इनटेकसमोर अडथळे असतात: फिल्टर, पुढचे पॅनेल, कधी लिक्विड कूलरचा रेडिएटर. एक्झॉस्टसमोर बहुधा फक्त मोकळी जाळी. म्हणून एकाच मॉडेलचे दोन इनटेक आणि दोन एक्झॉस्ट लावले, तर पारडे बहुधा निगेटिव्हकडे झुकते. तिसरी, न मोजलेले फॅन. ब्लोअर प्रकारचे ग्राफिक्स कार्ड गरम हवा थेट मागे बाहेर फेकते, म्हणजे तोही एक एक्झॉस्टच. आज जास्त दिसणारी दोन-तीन उघड्या फॅनची कार्डे ती हवा मुख्यतः कॅबिनेटमध्येच फिरवतात. त्यांना या हिशेबात धरू नये. पॉवर सप्लायचा फॅन खाली तोंड करून खालच्या जाळीतून हवा घेत असेल तर त्याचा हिशेब स्वतंत्र. वर तोंड करून कॅबिनेटमधली हवा ओढत असेल तर तोही एक्झॉस्ट.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त नडते. फिल्टर भरत जातो. आज नीट पॉझिटिव्ह असलेले कॅबिनेट फिल्टरवर धुळीचा थर चढला की इनटेक गुदमरून गुपचूप निगेटिव्ह होते, आणि मग स्लॉटच्या फटींमधून धूळ सुरू. फॅन तेवढेच, जागा त्याच, दाब मात्र उलटा. माझ्या मते फिल्टर न धुणाऱ्याने पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा काथ्याकूट करूच नये.

शिवाय बायोसमधली (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधली) फॅन सेटिंग. मागचा आणि वरचा फॅन प्रोसेसरच्या तापमानावर चालतात आणि पुढचे एका ठरावीक वेगावर अडकलेले असतात, अशी मांडणी असेल तर साधे काम चालू असताना पॉझिटिव्ह असलेला पीसी गेम सुरू होताच निगेटिव्ह होतो. इनटेकचा वेगही त्यांच्याबरोबर वाढेल असे करा.

ओळखायचे कसे? पीसीवर गेम चालू ठेवून टिश्यू पेपरची बारीक पट्टी मागच्या स्लॉटच्या फटीजवळ धरा. आत ओढली गेली तर निगेटिव्ह, बाहेर फडफडली तर पॉझिटिव्ह. हा दाबातला फरक फारच थोडा असतो, त्यामुळे पट्टी हलकी हवी आणि खोलीतला पंखा बंद. जुन्या पीसीत धूळच साक्ष देते: स्लॉटच्या पट्ट्यांच्या कडांना आतून राखाडी रेघा दिसल्या, की तिथून हवा आत येते आहे. फॅनची दिशा पाहायची असेल तर आडव्या दांड्या आणि स्टिकर असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते.

तापमानाचे काय? निगेटिव्ह मांडणीत ग्राफिक्स कार्डाची गरम हवा लवकर बाहेर जाते आणि काही कॅबिनेटमध्ये त्यामुळे तापमान थोडे उतरतेही. पण पुढची जाळी मोकळी असेल तर फरक सहसा किरकोळ असतो. कोंदट काचेचे पॅनेल दोन्ही मांडण्यांची वाट लावते. दाबाचे पारडे कुठल्याही एका बाजूला फार झुकवू नका. इनटेक थोडा जड ठेवला की पुरते, सगळेच फॅन इनटेक केले तर गरम हवा कोपऱ्यांत घुटमळते.

फिल्टर पाण्याने धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. आणि फॅनवर हवेचा फवारा मारताना पाते बोटाने धरून ठेवा. मोकळे सोडले तर ते गरजेपेक्षा कितीतरी वेगाने फिरते आणि बेअरिंग खराब होऊ शकते.