इल्मेनाइट-हेमॅटाइट : कोकणची काळी वाळू ते नॅनोमीटरची फिल्म

लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन मिळून जे ऑक्साइड होतात ते कॉम्प्लेक्स ऑक्साइड या मोठ्या घराण्यातले, म्हणजे ज्यात ऑक्सिजनबरोबर एकाहून जास्त धातू असतात असे. त्यातलं इल्मेनाइट कोकणाच्या सगळ्यात जवळचं. रत्नागिरीत मांडवीला जो काळा समुद्र म्हणतात तो पाण्यामुळे नाही, वाळूमुळे काळा, आणि तशी वाळू मिऱ्या, काळबादेवी, नेवरे, केशवसुतांचं मालगुंड इकडेही कमीजास्त सापडते. हा काळेपणा मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचा, दोन्ही सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून झिजून आलेली, आणि तो बेसॉल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. याच जातीच्या ऑक्साइडची काही नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीची फिल्म, म्हणजे अगदी पातळ थर, लॅबमध्ये बनवायची आणि तिचं चुंबकत्व नि वीजवहन तपासायचं, हा फिजिक्समधला फार सुंदर विषय आहे आणि तो मराठीत नीट सांगायला हवा.

आधी एक गैरसमज. वाळूत चुंबक फिरवलं की जे काळं चिकटतं ते सगळं इल्मेनाइट असं बरेच जण धरून चालतात, तसं नाहीये. सुकी वाळू कागदावर पसरा, साधं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा, जे कण टपकन उडी मारून पिशवीला काट्यांसारखे उभे चिकटतात ते मॅग्नेटाइटचे. ते बाजूला केल्यावरही कागदावर काळे चकचकीत कण उरतातच, त्यात इल्मेनाइट भरपूर असतं, आणि त्याला हलवायला निओडिमियमचं जोरदार चुंबक लागतं. कारण नेहमीच्या तापमानाला इल्मेनाइट पॅरामॅग्नेटिक असतं, म्हणजे चुंबकाकडे जेमतेम ओढलं जातं आणि स्वतः चुंबक बनत नाही, त्याच्यात चुंबकी शिस्त येते ती थेट शून्याखाली २१५ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि तीसुद्धा अँटिफेरोमॅग्नेटिक, म्हणजे शेजारशेजारचे थर उलटसुलट. जांभ्याच्या चिऱ्याला लाल करणारं हेमॅटाइट याचंच भावंड, रचना सारखीच, पण त्यात टायटॅनियम नाही आणि त्याची चुंबकी शिस्त जवळपास ६८० अंशांपर्यंत टिकते. तीही मुख्यतः अँटिफेरोमॅग्नेटिकच, म्हणून जांभ्याची पूड साध्या चुंबकाला सहसा दाद देत नाही.

आता खरी गंमत. ही दोन्ही भावंडं जवळजवळ निर्चुंबक, पण भट्टीत एकत्र मिसळली तर मधल्या प्रमाणात चांगलं चुंबकी आणि शिवाय सेमीकंडक्टर असं ऑक्साइड तयार होतं, तेही नेहमीच्या तापमानाला. हे कसं होतं ते असं की क्रिस्टलमध्ये धातूचे अणू थराथराने बसलेले असतात, हेमॅटाइटमध्ये प्रत्येक थर लोखंडाचा आणि एका थराचं चुंबकत्व पुढच्या थराने जवळजवळ पुरतं खोडलेलं. टायटॅनियम आत आलं आणि एकाआड एक थरातच जाऊन बसलं, तर त्या थरांमधलं लोखंड कमी होतं, खोडाखोड अपुरी राहते आणि उरलेलं चुंबकत्व बाहेर दिसतं, यालाच फेरिमॅग्नेटिझम म्हणतात. तेच टायटॅनियम सगळ्या थरांत सारखं पसरलं तर खोडाखोड पुन्हा पूर्ण. केमिकल फॉर्म्युला दोन्हीकडे अगदी तोच, फक्त अणू कुठे बसले एवढाच फरक, आणि तो ठरतो किती तापवलं नि किती भराभर थंड केलं यावर. वीजवहनाचंही तसंच, हेमॅटाइट जास्त असेल तर मिश्रण एन-टाइप (वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात) आणि इल्मेनाइटचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं की पी-टाइप (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा वाहून नेतात), हे जपानचे शास्त्रज्ञ इशिकावा यांनी १९५० च्या दशकातच मोजून ठेवलंय.

त्याच दशकात जपानच्या हारुना ज्वालामुखीच्या दगडात एक अजब गोष्ट सापडली, तापवून थंड होऊ दिला की तो बाहेरच्या चुंबकी क्षेत्राच्या बरोबर उलट दिशेला चुंबकित व्हायचा, आणि त्यामागे हेच इल्मेनाइट-हेमॅटाइट होतं. आपल्या दख्खनच्या लाव्हातही उलट दिशेचं चुंबकत्व पुष्कळ सापडतं पण त्याचं कारण वेगळं, तिथे पृथ्वीचं क्षेत्रच तेव्हा उलटं होतं आणि ते नोंदवून ठेवणारं खनिज मुख्यतः टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

निसर्ग नॅनोस्ट्रक्चरही स्वतःच बनवतो. खडक हळूहळू थंड होताना ही मिश्रणं फुटतात आणि एका खनिजाच्या पोटात दुसऱ्याच्या बारीक पट्ट्या तयार होतात, काही पट्ट्या तर जेमतेम नॅनोमीटरभर जाडीच्या. २००२ मध्ये संशोधकांनी मांडलं की इल्मेनाइट-हेमॅटाइटच्या अशा पट्ट्यांमध्ये चुंबकत्व दोघांच्या सीमेवरच्या थरांतून येतं, आतल्या भागातून नाही. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच, कारण लॅबमधल्या फिल्म्सचंही बरंचसं असंच आहे. २००४ मध्ये ओटोमो आणि ह्वांग यांनी लँथॅनम अॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटॅनेट हे दोन इन्सुलेटर एकमेकांवर बसवले तर मधल्या सीमेवरून चक्क वीज वाहायला लागली, आणि नंतर तिथे अतिशय कमी तापमानाला सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे अजिबात रोध नसलेलं वीजवहनसुद्धा मिळालं.

फिल्म बनवायची एक नेहमीची पद्धत म्हणजे पल्स्ड लेझर डिपॉझिशन. पावडर दाबून भाजून टिकली करायची, व्हॅक्यूम चेंबरमध्ये तिच्यावर लेझरचे झटके मारायचे, प्रत्येक झटक्याला टिकलीतून चमकता झोत उठतो आणि समोरच्या तापलेल्या सबस्ट्रेटवर, म्हणजे फिल्मच्या खालच्या आधाराच्या चकतीवर, जाऊन बसतो. टिकलीसाठी किनाऱ्यावरची वाळू चालत नाही, त्यातल्या कणांत मॅग्नेशियम, मँगनीज असं काय काय असतं, म्हणून शुद्ध पावडरच लागते. सबस्ट्रेट म्हणून सफायर (अॅल्युमिनियम ऑक्साइडचा क्रिस्टल) घेतात कारण त्याची रचना हेमॅटाइटसारखीच, आणि खालच्या रांगेतल्या चिऱ्यांच्या मापाने वरची रांग लावावी तसे फिल्मचे अणू खालच्या अणूंना धरून बसायला बघतात. पण मापात जवळपास ६ टक्के फरक असल्यामुळे फिल्ममध्ये ताण येतो, दोष येतात, आणि टायटॅनियमला आपला थर नीट सापडला नाही तर चुंबकत्व अपेक्षेपेक्षा कमी भरतं. ऑक्सिजनचा दाब थोडा चुकला तरी लोखंडाची अवस्था बदलते आणि नको असताना मॅग्नेटाइट तयार होतं. मॅग्नेटाइटच्या स्वतःच्या फिल्म्सची वेगळी डोकेदुखी, भरीव क्रिस्टल शून्याखाली दीडशे अंशांच्या सुमारास एकदम वीज अडवायला लागतो, पण फिल्म पातळ करत गेलं की हा बदल पसरट होतो आणि आणखी खालच्या तापमानाकडे सरकतो.

मोजमापात फसगत सहज होते. ५ मिलिमीटर चौरस आणि ५० नॅनोमीटर जाड फिल्मचं वजन जेमतेम ६ मायक्रोग्रॅम, आणि तिच्याखालचा अर्ध्या मिलिमीटरचा सफायर तिच्या १० हजार पट जाड, म्हणजे आधी त्याचा सिग्नल वजा करावा लागतो. २००५ मध्ये हॅफ्नियम ऑक्साइडच्या फिल्म्सवर दाखवलं गेलं की स्टीलच्या चिमट्याने सॅम्पल उचललं तरी खोटं चुंबकत्व दिसू शकतं. आपल्याकडे तर जांभ्याच्या भिंती आणि उन्हाळ्यात खिडकीतून येणारी लाल धूळ, तिच्यातही हेमॅटाइट असतं आणि त्याचं थोडंसं चुंबकत्व इतक्या हलक्या सॅम्पलला बिघडवायला पुरेसं असतं, तेव्हा चिमटा प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचाच वापरायचा, सॅम्पल बंद डबीत ठेवायचं आणि फिल्म बसवायच्या आधी नुसता सफायर एकदा मोजून घ्यायचा.