ग्रीनलंडचे मच्छिमार आणि शिकारी एकाच संघटनेत का?

ग्रीनलंडमधल्या लहान मच्छिमारांच्या आणि शिकाऱ्यांच्या संघटनेला सगळे ‘केएनएपीके’ म्हणतात. पूर्ण नाव कलाल्लित नुनानी आलिसार्तुत पिनियार्तुल्लू कात्तुफियात. ‘कलाल्लित नुनानी’ म्हणजे ग्रीनलंडमध्ये, ‘आलिसार्तुत’ म्हणजे मच्छिमार, ‘पिनियार्तुत’ म्हणजे शिकारी, ‘कात्तुफियात’ म्हणजे त्यांची संघटना. मधला ‘लू’ म्हणजे आपला ‘आणि’, फक्त तो शब्दाला चिकटून येतो. संघटनेचा सगळा इतिहास या ‘लू’मध्ये आहे. उन्हाळ्यात उघड्या होडीतून मासे धरणारा आणि हिवाळ्यात बर्फावर सील हा समुद्री प्राणी मारणारा माणूस बहुतेक वस्त्यांत एकच असतो.

संघटना १९५३ची, पण शिकाऱ्याला कारभारात जागा मिळण्याची सुरुवात त्याआधी जवळजवळ शंभर वर्षांची. १८५७पासून पश्चिम किनाऱ्यावर स्थानिक मंडळे उभी राहू लागली. पाद्री आणि डॅनिश अधिकाऱ्यांबरोबर तिथे कर्तबगार शिकारीही बसत. उत्तरेला थुले भागात १९२७मध्ये शिकाऱ्यांची परिषद झाली आणि १९२९मध्ये तिथले स्वतंत्र कायदे आले. ही दोन्ही मंडळे मात्र कारभारासाठी होती. मालाच्या भावावर भांडण्यासाठी कोणी नव्हते.

भावाचा प्रश्न कॉड या माशाने आणला. १९२०च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरचे पाणी कोमट झाले, सील कमी आणि कॉड उदंड झाला. चरबी आणि कातडे विकणारा शिकारी खारवलेला कॉड विकू लागला. विकणार कोणाला? रॉयल ग्रीनलंड ट्रेड या सरकारी कंपनीला. १७७४पासून किनाऱ्यावरचा व्यापार तिच्या हाती होता. १९५०मध्ये मक्तेदारी कागदावर संपली तरी लहान वस्तीत माल घेणारा दुसरा कोणी नव्हता. १९५३मध्ये ग्रीनलंडची वसाहत डेन्मार्कचा जिल्हा झाली आणि त्याच वर्षी केएनएपीके उभी राहिली. गावोगावच्या मच्छिमार-शिकारी मंडळांना एका छत्राखाली आणून खरेदीदाराशी भाव ठरवणे हे तिचे कायमचे काम झाले. खरेदीदार एकच असला की विकणाऱ्यांची एकी टिकते. सुरुवातीच्या काळात संघटनेच्या ताकदीचे कारण बरेचसे हेच असावे.

कॉड टिकला नाही. १९६०च्या दशकात परदेशी ट्रॉलर, म्हणजे मोठे जाळे ओढत नेणारी जहाजे, मिळून वर्षाला चार लाख टनांच्या वर मासा उपसत होते. पाणी पुन्हा थंड झाले, उपसा चालूच राहिला आणि दशक संपता संपता साठा कोसळला. १९७३मध्ये ग्रीनलंड डेन्मार्कबरोबर युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) ओढला गेला, तेव्हा आपल्या पाण्यातले मासे कोणी धरायचे ते समुदायाचे मुख्यालय ब्रुसेल्स ठरवणार हा राग होताच. १९७९मध्ये गृहशासन, म्हणजे अंतर्गत कारभाराचे स्वराज्य, आले, १९८२च्या सार्वमतात निसटत्या बहुमताने बाहेर पडायचे ठरले आणि १ फेब्रुवारी १९८५ला ग्रीनलंड बाहेर पडला.

शिकाऱ्याला खरा फटका १९८३मध्ये बसला. युरोपीय समुदायाने हार्प आणि हूडेड या जातींच्या सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. ग्रीनलंडचा शिकारी पिल्ले मारत नाही. तो मांसासाठी मोठा सील मारतो आणि कातडे विकतो. इनुइट, म्हणजे ग्रीनलंडच्या मूळ रहिवाशांच्या, शिकारीला बंदीतून सूटही होती. पण दुकानात कोट बघणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक कसा कळणार? मागणीच बसली आणि कातड्याचा भाव सरकारी अनुदानावर आला. २००९च्या युरोपीय कायद्यातही इनुइटांसाठी सूट आहे. सूट मिळाली, बाजार परत मिळाला नाही.

सामन माशाची गोष्ट वेगळी, आणि संघटनेचे वजन तिथे नीट दिसते. स्कॉटलंडमध्ये खूण लावलेला एक सामन १९५६मध्ये ग्रीनलंडच्या पाण्यात सापडला. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या नद्यांचे सामन इथे चरायला येतात हे त्यातून उघड झाले. मग जाळी वाढली आणि १९७१मध्ये पकड सुमारे २,७०० टनांवर गेली. पुढे नद्यांत परतणारे मासे घटले, तेव्हा सामन वाचवू पाहणाऱ्या परदेशी संस्थांनी २००२मध्ये थेट केएनएपीकेशी करार केला: व्यापारी पकड थांबवायची, घरच्या खाण्यापुरती चालू ठेवायची, आणि बदल्यात मच्छिमारांना पैसा. २०१८मध्ये बारा वर्षांचा नवा करार झाला. जाळे टाकणारे शेकडो हात वेगवेगळ्या खाड्यांत असताना त्यांच्या वतीने सही करू शकेल असे दुसरे कोण होते?

पुढची भांडणे शिकारी कोण आणि वाटा कोणाचा, यावर आली. पूर्णवेळ शिकाऱ्याचा परवाना वेगळा, हौशी शिकाऱ्याचा वेगळा. २००४मध्ये नारव्हेल आणि बेलुगा या लहान देवमाशांवर कोटा, म्हणजे शिकारीची ठरलेली मर्यादा, आला, २००६मध्ये ध्रुवीय अस्वलावर. शास्त्रज्ञ विमानातून मोजलेला आकडा पुढे करतात. शिकारी म्हणतो, त्या आठवड्यात कळप बर्फाखाली होता.

आज सगळ्यात तापलेला विषय ग्रीनलंड हॅलिबट हा खोल पाण्यातला चपटा मासा. इलुलिस्सात, उम्मान्नाक आणि उपेर्नाविक इथल्या खाड्यांत हिवाळ्यात तो बर्फातून काढतात. बर्फाला भोक पाडून शेकडो गळांची दोरी सोडायची. टोकाला धातूची पट्टी असते. प्रवाह तिला पुढे ओढतो आणि दोरी बर्फाखालून लांब जाऊन तळाशी पसरते. खोली सहाशे-आठशे मीटर. काही तासांनी हातरहाटाने वर ओढायची. ग्रीनलंड शार्क गळाला लागला की दोरीचा गुंता होतो, आणि वादळाने बर्फ फुटला तर दोरी गेलीच. सगळ्यात वाईट म्हणजे पातळ बर्फ: त्यावर कुत्र्यांची गाडी चालत नाही आणि त्यातून होडी जात नाही.

२०१२मध्ये या हॅलिबटच्या कोट्याचे दोन भाग झाले. मोठ्या बोटींना प्रत्येकी विकता येणारा हिस्सा, उघड्या लहान होड्यांना मिळून एक सामाईक कोटा. सामाईक कोट्यात जो आधी धरेल त्याचे, म्हणून प्रत्येकाला घाई. कोटा संपत आला की संघटना वाढवून मागते, आणि तो शास्त्रीय सल्ल्याच्या वर वाढवलाही गेला आहे. मागणी समजण्यासारखी आहे, कारण मासे घेणे थांबले की वस्तीतला पैसाच थांबतो. पण इलुलिस्सातजवळच्या डिस्को उपसागरात उतरवल्या जाणाऱ्या हॅलिबटची सरासरी लांबी घटली आहे. तेवढ्याच वजनाला आता जास्त मासे धरावे लागतात, आणि लहान माशाला किलोमागे भावही कमी.