मोटारसायकल बदलताना : भरवसा आणि आराम यांच्या फारकतीची पार्श्वभूमी

नागपुरात वर्षानुवर्षे जुनी बुलेट चालवलेला माणूस गाडी बदलायला निघतो, तेव्हा त्याची मागणी साधीच असते. नवी गाडी रोज सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू व्हावी, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतून रात्री परतताना तिने वाटेत दगा देऊ नये, आणि एवढे साधूनही तिच्यावर बसून चिखलदऱ्यापर्यंत गेल्यावर पाठ धरू नये. या मागणीला मिळणारे नेहमीचे उत्तर असे असते की भरवशाची गाडी हवी असेल तर आरामाला थोडी मुरड घालावी लागेल, आणि आराम हवा असेल तर मिस्त्रीचा उंबरठा झिजवण्याची तयारी ठेवावी लागेल. यंत्रशास्त्रात असा कोणताही नियम नाही. भारतीय बाजारात साधारण १९८५ पासून पुढची तीसेक वर्षे ज्या प्रकारच्या गाड्या विकल्या गेल्या, त्यांतून ही समजूत घडली आहे आणि ती आजही लोकांच्या निर्णयांवर परिणाम करते.

त्याआधी चित्र वेगळे होते. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली, ती मुख्यतः लष्कराच्या मागणीमुळे. सीमेवरील गस्तीसाठी ३५० सीसीची बुलेट निवडली गेली होती आणि पुढे तीच गाडी पोलीस, सरकारी खाती आणि हौशी खासगी ग्राहक यांच्याकडे पोहोचली. कामठीसारखी जुनी छावणी शेजारी असलेल्या नागपूरला ही गाडी कधीच अनोळखी नव्हती. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर २५० सीसीची जावा बनवली, जी पुढे येझदी या नावाने विकली गेली. आणि एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलवरून घडवलेली राजदूत गावोगावच्या दूधवाल्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या दाराशी उभी राहिली. या तिन्ही गाड्यांबाबत ‘भरवसा’ या शब्दाचा अर्थ आजच्यापेक्षा निराळा होता. गाडी बंद पडणार हे गृहीतच असे. ती रस्त्याच्या कडेला, पान्हा-पक्कड आणि सॅण्डपेपरच्या तुकड्यावर पुन्हा सुरू करता येणे म्हणजे भरवसा. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतून निघालेल्या माणसाला पॉइंट (प्लगची ठिणगी ठरवणारे संपर्काचे तुकडे) घासून, प्लग साफ करून आणि क्लचची वायर जागेवरच बदलून घर गाठता आले, तर ती गाडी पक्की समजली जाई.

जुन्या बुलेटचा आराम कोठून येत होता हे नीट पाहिले पाहिजे, कारण आज गाडी बदलणाऱ्याला नेमका तोच आराम हवा असतो. तिच्या पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव, म्हणजे वरखाली होण्याचे अंतर, ९० मिलिमीटर. अशा लांब धावेच्या इंजिनाला कमी फेऱ्यांतच जोर मिळतो, म्हणून पन्नास-साठच्या वेगाला ते रमतगमत चालते आणि गिअर वारंवार बदलावे लागत नाहीत. दोन चाकांमधले अंतर १.३७ मीटर, चाके १९ इंचांची आणि गाडीचे वजन भरपूर. वजनाचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खड्ड्यात चाक, ब्रेकचा ड्रम आणि त्यांना धरणारा दांडा वर उसळतो. शॉकअपच्या वरच्या बाजूला असलेला भार या उसळणाऱ्या भारापेक्षा जितका जास्त, तितका बसणाऱ्याला धक्का कमी लागतो. म्हणजे त्या काळच्या साध्या शॉकअपनेही बुलेट आरामदायी वाटे, याचे बरेचसे श्रेय शॉकअपला नसून तिच्या जडपणाला होते.

भरवशाच्या बाजूने मात्र हीच रचना कमकुवत होती. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन वेगवेगळ्या पेट्यांत बसवलेले असल्याने त्यांच्यामधील साखळीचा ताण सतत पाहावा लागे, जोडांतून तेल झिरपे, टॅपेट (झडपा उघडणारे भाग) वरचेवर जुळवावे लागत आणि पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या दांड्याच्या मोठ्या टोकाचा बुश सततच्या जास्त वेगाने लवकर खराब होई. सिलिंडर बिडाचा होता. बीड उष्णता सावकाश सोडते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सहज जाणाऱ्या शहरात, फक्त वाऱ्यावर थंड होणारे असे इंजिन व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर उभे राहिले की तेल पातळ होऊन दाब उतरे आणि गाडी पुन्हा किक घ्यायला कुरकुरे. दोन स्ट्रोकच्या येझदी-राजदूतची तऱ्हा आणखी वेगळी होती. पेट्रोलमध्ये तेल हाताने मिसळावे लागे, आणि उन्हाळ्यात ते प्रमाण कमी पडले की पिस्टन धरून बसे. ‘हाफ इंजिन’ (फक्त वरच्या भागाची, पिस्टन-सिलिंडरची दुरुस्ती) आणि ‘फुल इंजिन’ (क्रँकसह सगळे इंजिन उघडणे) हे मिस्त्र्यांचे शब्द त्या काळात घरच्या खर्चाच्या हिशेबात येत असत.

१९८० च्या दशकात सरकारने दुचाकी उद्योगात परदेशी भागीदारीला मोकळीक दिली आणि १९८४ ते १९८६ या अवघ्या दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहाची आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज अशा १०० सीसीच्या जपानी वळणाच्या गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांपैकी हीरो होंडाची सीडी १०० ही एकटीच चार स्ट्रोकची होती, म्हणजे तिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नसे. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात त्या पिढीला अजून आठवते, आणि त्या तीन क्रियापदांत भरवशाची व्याख्याच बदलून गेली होती. आता गाडी दुरुस्त करता येणे महत्त्वाचे उरले नाही. तिला दुरुस्ती लागूच नये, अशी अपेक्षा निर्माण झाली. १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरने ही अपेक्षा घरोघरी रुजवली. नागपुरात सकाळी साडेनऊला सीताबर्डीच्या पुलाखालून वाहणारी गर्दी पाहिली की हा बदल किती खोल गेला हे कळते.

या गाड्यांनी भरवसा मिळवला तो काटकसरीच्या मार्गाने. ९७ सीसीचे छोटे, कमी ताणावर चालणारे इंजिन, हलका सांगाडा, सव्वा मीटरच्या आसपास चाकांमधले अंतर आणि पावणेतीन इंच रुंदीचे टायर. ॲव्हरेज हे या रचनेचे पहिले उद्दिष्ट होते आणि ॲव्हरेजसाठी वजन कमी करणे भाग होते. त्यामुळे ज्या जडपणावर बुलेटचा आराम उभा होता, तोच या गाड्यांत उरला नाही. शहरात त्याने काही बिघडत नव्हते. पण वर्धा रोडने सत्तरच्या वेगाने तास-दीड तास गेले की हँडल आणि फूटरेस्ट थरथरत, आणि मागे बसणाऱ्याची अवस्था त्याहून वाईट होई. भरवसा आणि आराम यांची फारकत येथे झाली. ग्राहकाच्या मनात ‘जपानी वळणाची गाडी टिकाऊ पण हलकी, बुलेट आरामदायी पण नखरेल’ अशी वाटणी पक्की झाली, आणि दोन्ही प्रकारच्या गाड्या बनवणाऱ्यांना ती सोयीची असल्यामुळे कोणी मोडायची घाई केली नाही.

मधल्या काळात काही प्रयत्न झाले. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणून १५० ते १८० सीसीचा वर्ग रुजवला. २००५ च्या अ‍ॅव्हेंजरने कमी उंचीची गादी आणि पुढे ताणलेले पाय असा बसण्याचा वेगळा ढंग दिला. माझ्या मते या काळातील सर्वांत महत्त्वाची गाडी मात्र सर्वांत कमी गाजावाजा झालेली होती : २००४ मधील होंडा युनिकॉर्न. तिच्यात मागच्या बाजूला दोन शॉकअपऐवजी एकच मोनोशॉक होता, इंजिन शांत होते आणि तिच्याकडे पाहून कोणी मान वळवीत नसे. हलकी गाडीही आरामदायी असू शकते, फक्त शॉकअपवर खर्च करावा लागतो, हे तिने दाखवून दिले. पण रुबाबासाठी गाडी घेणाऱ्याला ती नको होती, आणि इतिहासात असे मुद्दे बाजूला पडतात.

रुबाबाच्या बाजूला एन्फिल्डचे काम सावकाश चालले होते. आयशर समूहात आल्यानंतर कंपनीने २००० च्या सुमारास ऑस्ट्रियातील एव्हीएल या संस्थेच्या मदतीने ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचे इंजिन बनवले, आणि २००८-०९ पासून इंजिन व गिअरबॉक्स एकाच पेटीत सामावणारे नवे इंजिन आणले. हायड्रॉलिक टॅपेटमुळे जुळवणीचे काम गेले आणि तेलगळती बरीच आटोक्यात आली. २००९ च्या क्लासिक ३५० ला जी मागणी आली, तीमुळे गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबण्याची पाळी ग्राहकांवर आली. तरीही एक उणीव राहिली होती. मोठा पिस्टन वरखाली होताना जो हादरा निर्माण होतो तो शमवणारी कोणतीही सोय या इंजिनात नव्हती, आणि ऐंशीच्या पुढे आरसे धूसर होत, नट सैल पडत, दिव्यांचे बल्ब जात. कंप हा आरामाचा प्रश्न आहे असे आपण समजतो. पण ढिला पडलेला नट, तडकलेला ब्रॅकेट आणि घासून तुटलेली वायर यांचे मूळही कंपातच असते. ही एक गोष्ट समजली की आराम आणि भरवसा हे परस्परांचे वैरी नसून पुष्कळदा एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत, हे उलगडते.

त्यावर उपाय जुनाच होता. क्रँकच्या उलट दिशेने, तितक्याच वेगाने फिरणारा एक वजनदार दांडा इंजिनात बसवला की पिस्टनच्या हादऱ्याचा मोठा भाग निष्प्रभ होतो; त्याला बॅलन्सर शाफ्ट म्हणतात. २०२० च्या शेवटच्या काही महिन्यांत ३५० सीसीच्या दोन गाड्या हा दांडा घेऊन आल्या. होंडाने ३४८ सीसीची हायनेस सीबी ३५० आणली, आणि नोव्हेंबरमध्ये रॉयल एन्फिल्डने ३४९ सीसीच्या जे-मालिकेच्या इंजिनासह मिटिऑर सादर केली. हेच इंजिन २०२१ मध्ये क्लासिकमध्ये आणि २०२२ मध्ये हंटरमध्ये आले. होंडाच्या इंजिनाची धाव ९०.५ आणि एन्फिल्डच्या इंजिनाची ८५.८ मिलिमीटर, म्हणजे दोघांनीही लांब धावेचा संथ स्वभाव सोडला नाही. क्लासिकचे वजन १९५ किलो, हायनेसचे १८१. जुन्या बुलेटचा जडपणा आणि कमी फेऱ्यांतला जोर जागेवर राहिला, आणि कंप मात्र बराचसा गेला.

२०२० च्या एप्रिलपासून गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-६ निकष लागू झाल्यामुळे या वर्गातील कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा यांत्रिक भाग) संपले आणि फ्युएल इंजेक्शन आले. नागपूरच्या हवामानात हा बदल फार मोलाचा ठरला आहे. डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी हवेची घनता सारखी नसते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, म्हणून थंडीत चोक ओढावा लागे आणि उन्हाळ्यात गाडी अडखळे. इंजेक्शनमधील सेन्सर हवेचे आणि इंजिनाचे तापमान पाहून पेट्रोलचे प्रमाण ठरवतात.

रस्ते बदलले ही या कथेची दुसरी बाजू आहे. गेल्या काही वर्षांत नागपुरातील अनेक मुख्य रस्ते सिमेंटचे झाले. खड्डे कमी झाले, पण सिमेंटच्या रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर आडवा जोड असतो. साठच्या वेगाला सेकंदाला तीन-चार जोड चाकाखालून जातात. डांबरी रस्त्यावरील मोठ्या खड्ड्याला मऊ शॉकअप चालतो, या बारीक आणि सततच्या ठोक्याला मात्र शॉकअपचे डॅम्पिंग, म्हणजे उसळी लगेच शमवण्याची क्षमता, चांगले लागते. शहराबाहेर तर आणखी एक गंमत आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, पण त्यावर दुचाकींना प्रवेश नाही; त्यामुळे येथील मोटारसायकलस्वारांसाठी वर्धा, अमरावती, पेंच आणि उमरेडकडे जाणारे जुने मार्गच खरे राहिले. त्या मार्गांवर ऐंशीच्या स्थिर वेगाने दोन-तीन तास बसता येणे हीच त्यांच्या आरामाची कसोटी आहे, आणि ताशी सव्वाशेचा वेग गाठू शकणाऱ्या गाडीचा तेथे फारसा उपयोग नाही.

या सगळ्यात मिस्त्रीचा भाव घसरला, हेही नोंदवले पाहिजे. इंजेक्शनची गाडी वाटेत बंद पडली तर सॅण्डपेपरने भागत नाही. बिघाड शोधायला संगणकाला जोडायचे यंत्र लागते आणि बरेच सुटे भाग अधिकृत केंद्रातूनच घ्यावे लागतात. बंद पडण्याची शक्यता खूप कमी झाली, पण पडलीच तर परतीची वाट लांबली. गाडी निवडताना आपल्या घरापासून तिचे सेवा केंद्र किती दूर आहे आणि भाग येण्यास किती दिवस लागतात हे विचारणे म्हणूनच पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. जुनी गाडी ठेवून देण्याचा विचार करणाऱ्यांनी इंधनाकडेही पाहावे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सर्वत्र मिळते, आणि जुन्या कार्ब्युरेटरमधील रबरी भाग त्यासाठी बनवलेले नसतात. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आतून गंजण्याचा धोका वाढतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांसाठी तो ४० टक्के झाला. या एका निर्णयाने गाडी बदलणाऱ्याचे लक्ष पुन्हा त्याच ३४८-३४९ सीसीच्या वर्गावर आणून ठेवले आहे. या वर्गातील गाड्यांच्या इंजिनांत आता उन्नीस-बीसचाच फरक उरला असल्यामुळे चाचणीसाठी शोरूमभोवती एक फेरी मारून काही कळत नाही. मागे घरचे माणूस बसवून, सिमेंटच्या आणि डांबरी अशा दोन्ही रस्त्यांवर अर्धा तास चालवून पाहावे. त्यात इंजिन आणि हँडलची ठेवण पटली पण गादी टोचली, तर केवळ तेवढ्यासाठी गाडी नाकारू नये. मागच्या शॉकअपचा ताण पान्ह्याने कमी-जास्त करता येतो आणि गादी नवीन फोम घालून कोणीही सीटवाला एका दुपारी शिवून देतो.